डब्बा लागून नाही राह्यला : रास्पबेरी पायचं वायफाय दुरुस्त करताना

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, डब्बा लागूनच नाही राह्यला. कार्ड काढून फॉरमॅट मारू का?"

डब्बा म्हणजे वरूड तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत, कोठ्याच्या भिंतीला टांगलेला वायरिंगचा प्लास्टिकचा डबा. त्यात रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक बसवला आहे, त्याची सगळी सिस्टिम एका मेमरी कार्डावर असते. झाडांच्या बुंध्यातला ओलावा आणि टाकीतल्या पाण्याची पातळी तो वाचतो आणि दीडशे फुटांवरच्या घरातल्या राऊटरमार्फत आकडे वर पाठवतो. या 'पाय' नावापायी घरात गोंधळ कायमचा. "पायाचं काय झालं?" असं फोनवर कुणी विचारलं की आई अजून माझ्या गुडघ्याकडे बघते.

फॉरमॅट मारणं हा आपल्याकडे सगळ्या रोगांवरचा काढा. तो घेतला की दुखणं राहतंच, वर सेन्सरचा सगळा सेटअप पुन्हा करावा लागतो. भाच्याला म्हटलं, कार्डाला हात लावू नको, आधी डब्ब्याला पाच प्रश्न विचार. तेच प्रश्न, त्याच क्रमाने, इथे लिहितो. क्रम महत्त्वाचा, कारण 'वायफाय लागत नाही' हे एकच वाक्य आपण पाच निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरतो. कधी डब्ब्याला वीज पुरत नसते. कधी त्याचा रेडिओच बंद असतो. कधी रेडिओ चालू, पण राऊटरचा आवाज त्याच्यापर्यंत येत नाही किंवा राऊटर त्याला दारात उभं करत नाही. कधी आत घेतलं तरी पत्ता मिळत नाही. आणि कधी सगळं ठीक असतं, फक्त घरापासून पुढचा रस्ता बंद असतो. कोणतं दुखणं आहे ते कळलं की औषध बहुतेक दोन मिनिटांचं.

आज्ञा, म्हणजे पायच्या टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायच्या ओळी, मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं, दोन शब्दांत एक जागा, आकडेही इंग्रजी. एनएमसीएलआय म्हणजे ही पाच अक्षरं सलग, एन-एम-सी-एल-आय. वायफायच्या यंत्राचं नाव डब्ल्यूलॅनझिरो, त्यातला झिरो आकड्यात. आज्ञा 'परवानगी नाही' म्हणून अडली तर तिच्या आधी 'सुडो' लावा.

डब्ब्यात शिरायचं कसं

वायफायच गेलंय म्हटल्यावर लॅपटॉपवरून दुरून आत शिरता येत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे घरातला टीव्ही आणि यूएसबी कीबोर्ड. पाय ४ आणि ५ ला मायक्रो एचडीएमआय लागते, पाय झीरो या छोट्या मॉडेलला मिनी एचडीएमआय, पाय ३ ला टीव्हीची नेहमीची. ही केबल तालुक्याला चटकन मिळत नाही, पाय घेतानाच सोबत मागवून ठेवा. लॅनचं पोर्ट असलेला पाय असेल तर त्याला लॅनच्या वायरीने राऊटरला जोडलं तरी काम होतं. वायर लागली की तो नेटवर्कवर येतो आणि तुम्ही आत शिरून वायफायची तपासणी करू शकता.

आणखी एक युक्ती फार कमी लोक वापरतात. अँड्रॉइड फोन डेटा केबलने पायच्या यूएसबीला जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. कसलाही ड्रायव्हर न टाकता पायला फोनचं नेट मिळतं. वायफायची फाइल हरवली असेल, काही उतरवून घ्यायचं असेल, तर शेतात उभ्या उभ्या हे होतं.

डब्बा घरी आणलात तर एक पथ्य पाळा: त्याचा चार्जर आणि वायर सोबत आणा. नाहीतर होतं असं, की कोठ्यातून पाय आणला, घरचा चांगला चार्जर लावला, राऊटरच्या शेजारी ठेवला आणि तो लगेच लागला. आता दोष अंतराचा होता की चार्जरचा? दोन गोष्टी एकदम बदलल्या, आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पहिला प्रश्न : पोटभर वीज मिळते का?

मी नेहमी इथूनच सुरू करतो आणि इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो. शहरातले लेख वीज एका ओळीत उरकतात. आपल्याकडे ती आधी बघावी लागते.

पाय ३ ला ५ व्होल्टवर अडीच अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा कंपनीने सांगितला आहे. व्होल्टेज ४.६३ च्या आसपास खाली आलं की बोर्ड स्वतः तक्रार नोंदवतो. म्हणजे पाचातून जेमतेम सदतीस शतांश व्होल्ट गळायची मुभा. बाजारातली दोन मीटरची बारीक वायर तेवढं सहज गिळते. आणि चार्जरवर '३३ वॅट' लिहिलेलं पाहून भुलू नका. खालचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच मोबाइल चार्जरवर ५ व्होल्टसमोर २ अँपिअरच असतं, जास्तीची ताकद ९ किंवा ११ व्होल्टवर असते. ती फोनशी बोलणी झाल्यावरच मिळते, आणि पाय ती बोलणी करत नाही.

वीज कमी पडली की पाय बंद पडेलच असं नाही, म्हणून तर फसायला होतं. लाल दिवा लागलेला, हिरवा लुकलुकतोय, पण वायफाय जोडतं आणि तुटतं. पडद्यावर कोपऱ्यात पिवळी विजेची खूण येते, पण डब्ब्याला पडदाच नसेल तर ती बघणार कोण? पाय ३ बी प्लस आणि ४ वर लाल दिवा मधूनमधून विझत असेल तर तीच खूण समजा.

नेमकं उत्तर एका आज्ञेत मिळतं: 'व्हीसीजेनसीएमडी', जागा, 'गेट-अंडरस्कोर-थ्रॉटल्ड'. उत्तर 'शून्य एक्स शून्य' आलं तर वीज ठीक, पुढे चला. 'शून्य एक्स ५००००' म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती, आत्ता नाही. 'शून्य एक्स ५०००५' म्हणजे या क्षणीसुद्धा कमी आहे.

भाच्याने वाचून दाखवलं: शून्य, एक्स, पाच, तीन शून्य, पाच. मी विचारलं, चार्जर तोच आहे ना? थोडा वेळ शांतता. मग उलगडलं. आदल्या आठवड्यात पाहुणे आले होते, त्यांच्या फोनसाठी कुणीतरी डब्ब्याचा चार्जर काढून घरात नेला, आणि परत लावताना आठवडी बाजारातला दुसराच लावला. तोही पांढरा, हाही पांढरा. जुना चार्जर शोधून लावला आणि आकडा शून्यावर आला. त्या दिवशीचं अर्धं दुखणं तिथेच गेलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे सांगतो.

पायला यूएसबीची हार्डडिस्क किंवा डोंगल लावलं असेल तर ते काढून पुन्हा तीच आज्ञा द्या. ही उपकरणं पायच्याच ताटात जेवतात. आणि जिथे शेतीच्या लायनीवरून पाय चालतो तिथे मोटार सुरू होण्याच्या वेळेकडे लक्ष ठेवा. मोटारीच्या पहिल्या झटक्याला बल्ब मिणमिणतो, त्याच वेळी वायफाय तुटत असेल तर राऊटरला शिव्या देऊन उपयोग नाही. मध्ये छोटा यूपीएस किंवा बॅटरीवरचा पुरवठा टाका.

दुसरा प्रश्न : रेडिओ जागा आहे का?

'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' द्या. यादीत डब्ल्यूलॅनझिरोसमोर काय लिहिलंय ते बघा. 'कनेक्टेड' असेल तर सरळ शेवटच्या प्रश्नावर उडी मारा. 'डिस्कनेक्टेड' म्हणजे रेडिओ ठीक आहे, पण कुणाशी जोडलेला नाही. 'अनअव्हेलेबल' म्हणजे रेडिओ झोपवलेला आहे. आणि नावच नसेल तर चिप किंवा तिची फाइल सापडत नाही.

झोपलेला रेडिओ बहुतेक वेळा देश न सांगितल्यामुळे झोपलेला असतो. वायफायचे चॅनल आणि ताकद यांचे नियम देशागणिक वेगळे, म्हणून रास्पबेरी पाय ओएस देश कळेपर्यंत वायफाय अडवून ठेवते. 'आरएफकिल लिस्ट' दिल्यावर 'सॉफ्ट ब्लॉक्ड'समोर 'येस' दिसलं की हेच कारण. 'सुडो रास्पी-कॉन्फिग' उघडा, लोकलायझेशनमध्ये वायफायचा देश इंडिया निवडा, बाहेर येऊन रीबूट करा. कुणीतरी जुन्या व्हिडिओवर बघून देश अमेरिका ठेवलेला असतो, त्याचाही त्रास होतो. आपल्याकडे राऊटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर जाऊ शकतो आणि अमेरिकेच्या नियमात ते चॅनल पायला दिसतच नाहीत. मग फोनला वायफाय दिसतं, पायला नाही, आणि आपण डोकं खाजवतो.

डब्ल्यूलॅनझिरो यादीतच नसेल तर 'सुडो डी-एम-ई-एस-जी' (ही पाच अक्षरं सलग), मग उभी रेघ, मग 'ग्रेप' आणि 'बीआरसीएम' असं द्या. पायच्या वायफायचा ड्रायव्हर याच नावाने सुरू होतो. तिथे फाइल न मिळाल्याची ओरड असेल तर लॅन किंवा यूएसबी टेदरिंगवरून सिस्टिम अद्ययावत करा. वीज अचानक जाऊन कार्डावरची फाइल खराब झालेली असू शकते. नवं कार्ड टाकून बघायची वेळ आली तर ती इथे, आधी नाही.

आता जुन्या माहितीबद्दल. 'बूट फोल्डरमध्ये डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाची फाइल टाका, वायफाय लागेल' असं सांगणारे मराठी-हिंदी व्हिडिओ पुष्कळ आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून वायफायचा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे गेला. ती फाइल टाकली तरी नवी सिस्टिम तिच्याकडे ढुंकून बघत नाही. कार्ड तयार करतानाच इमेजर प्रोग्रॅममध्ये वायफायचं नाव, पासवर्ड आणि देश भरून द्या.

तिसरा प्रश्न : राऊटर दिसतो का, आणि किती लांबून?

'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट'. आजूबाजूची सगळी नेटवर्कं दिसतील. तुमचं नसेल तर आधी पायचं मॉडेल बघा. २०१६ चा पाय ३ बी, २०१७ चा झीरो डब्ल्यू आणि २०२१ चा झीरो २ डब्ल्यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. ५ गिगाहर्ट्झ पाय ३ बी प्लसपासून पुढे, म्हणजे २०१८ नंतर. एका गुरुजींनी शाळेत मुलांसाठी झीरो २ डब्ल्यूवर हवामानाची पाटी केली होती. स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर ती रोज चालायची. नवा फोन घेतला आणि पाटी आंधळी झाली. नव्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता, एवढंच. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ केला की झालं. आयफोन असेल तर हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करायचं, ते याच कामाचं.

शेतावर तर पाय ४ असला तरी मी २.४ च वापरतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपुढे लवकर थकतं. 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', मग नेटवर्कचं नाव, मग 'वायफाय टिंब बँड', जागा, 'बीजी' असं दिलं की पाय २.४ वरच राहतो.

सिग्नल मोजायला 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅनझिरो लिंक'. यात सिग्नल वजा आकड्यात येतो, डीबीएममध्ये. वजा ५० उत्तम, वजा ६५ पर्यंत निर्धास्त, वजा ७५ ला कुरकुर सुरू, वजा ८० च्या पुढे नशीब. दर ३ डीबीएमला ताकद निम्मी होते, म्हणून वजा ७० आणि वजा ७६ मध्ये दिसतो त्यापेक्षा फार मोठा फरक आहे.

भाच्याचं उरलेलं अर्धं दुखणं इथे होतं. चार्जर बदलल्यावर पाय लागला, पण वजा ८१ वर. पूर्वी वजा ६८ असायचा, झाकणावर लिहून ठेवलं होतं म्हणून कळलं. मधल्या काळात काय हललं? घरच्यांनी गव्हाची पत्र्याची कोठी राऊटरच्या खोलीतल्या नेमक्या खिडकीपुढे आणून ठेवली होती. वायफायला मातीची भिंत परवडते, पत्रा परवडत नाही. लोखंडी कपाट, कोठी, छपराचे पत्रे, पाण्याची टाकी, यातून लहरी आरपार जात नाहीत, कुठून तरी वळसा घालून पोचतात. कोठी हलवायला घरात कुणी तयार नव्हतं (भरलेली होती, आणि तिच्यावर आजीची हुकूमत), म्हणून राऊटर फळीवरून उचलून दाराच्या चौकटीवर ठोकला. वजा ७० आला.

डब्बाही बघा. लोखंडी पेटीत पाय ठेवून वायफायची अपेक्षा करणारे मी पाहिले आहेत. पायचा अँटेना बोर्डावरच छापलेला असतो. त्या बाजूला धातूची पट्टी, हीटसिंकचं धातूचं कवच किंवा बॅटरी येऊ देऊ नका. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात हार्डडिस्क असेल तर ती २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करते. लांब वायर लावून ती दूर ठेवा, किंवा काळ्या पोर्टात लावून फरक पडतो का बघा.

एवढं करूनही सिग्नल येत नसेल तर बाहेरच्या अँटेनाचं यूएसबी वायफाय डोंगल घेता येतं, पण लिनक्समध्ये आधीच ज्याचा ड्रायव्हर आहे असंच घ्या. मीडियाटेकच्या चिपची बरीच डोंगलं लावल्याबरोबर चालतात. 'ड्रायव्हर सीडीसोबत' असं खोक्यावर लिहिलेलं दिसलं की मी ते ठेवून देतो. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते, पण उघड्यावरून तांब्याची वायर टाकली तर मृगाच्या तोंडावर कडाडणारी वीज लक्षात घ्या. दोन्ही टोकांचं सामान एकदम जाऊ शकतं.

चौथा प्रश्न : दारात अडवलं का?

नेटवर्क दिसतं, जोडत नाही. 'सुडो एनएमटीयूआय' उघडा. बाणांनी फिरता येणारा साधा मेनू आहे, त्यात जुनं कनेक्शन पुसून नव्याने पासवर्ड भरा. नव्याने म्हणजे खरंच नव्याने, जुन्यावर दुरुस्ती नको.

पासवर्ड बरोबर असल्याची शपथ प्रत्येक जण घेतो. कीबोर्डचा लेआउट ब्रिटिश असला तर ॲट आणि अवतरण चिन्हांची अदलाबदल होते आणि पासवर्डातला ॲट चुकतो. टाइप केलेलं दिसावं म्हणून एनएमटीयूआयमध्ये पासवर्ड दाखवायचा पर्याय आहे, तो लावा. तरीही शंका असेल तर 'जर्नलसीटीएल', 'डॅश बी', 'डॅश यू', 'डब्ल्यूपीए-अंडरस्कोर-सप्लिकंट'. तिथे 'राँग की' दिसलं तर वाद संपला, पासवर्ड चुकलाय.

पासवर्ड खरंच बरोबर आणि तरी अडतंय? राऊटर किंवा हॉटस्पॉटची सुरक्षा डब्ल्यूपीए ३ वर आहे का बघा. पायचं अंगचं वायफाय तिथे अडखळतं. डब्ल्यूपीए २ करा. आयफोनच्या हॉटस्पॉटच्या नावात मालकाच्या नावापुढे जो अपॉस्ट्रॉफी येतो तो वळलेला असतो, कीबोर्डावरचा सरळ नाही. हाताने नाव टाइप केलं की जुळत नाही. नाव यादीतून निवडा, नाहीतर फोनचं नावच साधं करा.

पाचवा प्रश्न : पत्ता मिळाला का?

'आयपी ॲड्रेस' देऊन डब्ल्यूलॅनझिरोखाली १९२.१६८, १० किंवा (आयफोनच्या हॉटस्पॉटवर) १७२.२० ने सुरू होणारा आकडा आहे का बघा. नसेल, किंवा जुन्या सिस्टिमवर १६९.२५४ ने सुरू होणारा असेल, तर राऊटरने पत्ता दिलेला नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर किती उपकरणं बसतील याला मर्यादा असते. घरात लग्नाचे पाहुणे असले की पायची खुर्ची गेलीच. राऊटर एकदा बंद-चालू करून बघा. पायमध्ये हाताने पक्का पत्ता भरला असेल आणि नंतर राऊटर बदलला असेल तर नव्या राऊटरची गल्लीच वेगळी असू शकते. म्हणून पायमध्ये पत्ता 'ऑटोमॅटिक' ठेवा आणि पक्का करायचा असेल तर राऊटरच्या पानावर करा.

जोडलंय, तरी नेट नाही

इथे पिंग (म्हणजे 'आहेस का?' अशी हाक) तीनदा मारायचं, जवळून लांब. 'आयपी रूट' मध्ये 'डिफॉल्ट व्हाया'पुढे राऊटरचा पत्ता असतो, आधी त्याला. उत्तर आलं तर पायचं वायफाय निर्दोष आहे, त्याला आता त्रास देऊ नका. मग 'पिंग ८.८.८.८'. उत्तर नाही म्हणजे राऊटरच्या पुढे घोळ आहे. रस्त्याच्या कामाच्या जेसीबीने फायबर तोडली असेल तर पायमध्ये कितीही आज्ञा द्या. शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तर नावाचा पत्ता सांगणारी डीएनएस सेवा बिघडली आहे. एनएमटीयूआयमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

तिन्ही पिंगना उत्तर आहे, तरी अपडेट तासन्‌तास अडकलंय? सिमवर चालणारा राऊटर असेल तर दिवसाचा डेटा संपला का बघा. बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये कोटा संपला की नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. पिंग त्यातून सहज जातं, फाइल जात नाही. रात्री बारानंतर सगळं आपोआप सुधारतं आणि आपण समजतो, रीबूटचा गुण आला.

आणि एक कारण असं, ज्याने मला दोन दिवस नाचवलं: घड्याळ. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांना स्वतःचं चालतं घड्याळ नाही. पाय ५ ला आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते. बहिणीकडचा पाय पावसाळ्यात अठरा दिवस बंद होता. वीज आली, तो उठला आणि झोपताना जी तारीख होती तिथूनच दिवस मोजू लागला. नेटवरून वेळ मिळाली असती तर प्रश्न नव्हता, पण तिथल्या राऊटरने ती वाट अडवली होती. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं तारीख बघतात. मधल्या दिवसांत नवं झालेलं प्रमाणपत्र पायच्या मते अजून जन्मलेलंच नव्हतं. पिंग चालायचं, आकडे वर जायचे नाहीत. 'टाइमडेटसीटीएल' दिलं आणि तारीख वाचून हसावं की रडावं कळेना. 'सुडो डेट डॅश एस' आणि अवतरणात आजची तारीख-वेळ दिली, की आकडे सुरू. डीएस ३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल येतं. भारनियमनाच्या गावात ते लावूनच टाका.

लागतं, पण टिकत नाही

दर काही मिनिटांनी डब्बा गायब होतो आणि आपोआप परत येतो, किंवा दुरून आत शिरल्यावर अक्षरं अडकत येतात. वीज आणि सिग्नल ठीक असतील तर वायफायची बचत बंद करा. पाय रिकामा असला की रेडिओ डुलकी घेतो. आत्तापुरतं बंद करायला: 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅनझिरो सेट पॉवर-अंडरस्कोर-सेव्ह ऑफ'. हे रीबूटपर्यंतच टिकतं. कायमचं करायला 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', नेटवर्कचं नाव, 'वायफाय टिंब पॉवरसेव्ह', आणि २ हा आकडा. इथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. असं का, ते करणाऱ्यालाच माहीत.

वीज गेल्यानंतरचा गोंधळ वेगळा. लाइट आली की पाय अर्ध्या-एक मिनिटात तयार होतो, राऊटर अजून डोळे चोळत असतो. पाय चार वेळा प्रयत्न करतो, मग रुसून काही मिनिटं बसतो. त्याला सांगायचं की कंटाळू नको: त्याच मॉडिफायच्या आज्ञेत 'कनेक्शन टिंब ऑटोकनेक्ट-रिट्राइज', जागा, शून्य. शून्य म्हणजे इथे अनंत.

विदर्भातला मे महिना हे स्वतंत्र कारण आहे. पत्र्याखाली बंद डब्ब्यात दुपारी काय होतं ते 'व्हीसीजेनसीएमडी मेझर-अंडरस्कोर-टेम्प' सांगेल. ८० अंशांवर पाय स्वतःचा वेग कमी करू लागतो. डब्बा पश्चिमेच्या भिंतीवर नको, छपराला चिकटून नको, खाली-वर भोकं हवीत आणि भोकांना बारीक जाळी हवी. जाळी विसरलो त्या वर्षी आत पालीने संसार थाटला होता.

एवढं करूनही बागेत रोज कुणी जाणार नसेल तर पाच मिनिटांनी चालणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) टाका. तिने राऊटरला पिंग मारायचं, सलग तीन वेळा उत्तर नाही आलं तर एनएमसीएलआयने कनेक्शन खाली-वर करायचं. पिंग राऊटरलाच, बाहेरच्या पत्त्याला नाही. नाहीतर फायबर तुटलेल्या दिवशी पाय बिचारा दिवसभर स्वतःलाच झटके देत बसतो. आणि स्क्रिप्टने सारखं रीबूट करू नका, कार्ड मरतं.

डब्बा घरात चालतो पण पुण्यात बसलेल्या मुलाला दिसत नाही, हे वायफायचं दुखणं नाही. मोबाइल नेटवर आपल्याला बाहेरून दिसणारा स्वतःचा पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे शेकडो घरं असतात. राऊटरमध्ये पोर्ट उघडून काही होणार नाही. दोन यंत्रांना नेटवरून आपापसात जोडणारी टेलस्केलसारखी सेवा पायवर आणि मुलाच्या फोनवर टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या डब्ब्याच्या झाकणाच्या आतून आता मार्करने तीन ओळी लिहिल्या आहेत: चार्जर ५ व्होल्ट ३ अँपिअर, सिग्नल वजा ७०, राऊटर दाराच्या चौकटीवर. चार्जरला लाल दोरा बांधला आहे. त्याखाली भाच्याने आईच्या सांगण्यावरून चौथी ओळ घातली: "हे चार्जर पाहुण्यायले देऊ नये."